मेंढपाळ घडतो कोठे? : लूथरन परंपरा, सिनॉड आणि आपला मराठवाडा

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ ही दोन गावे महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत एका कथेने जोडली गेली आहेत. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी मडके तपासण्याच्या थापटण्याने प्रत्येकाच्या मस्तकावर थापटून पाहिले आणि नामदेवांची पाळी येताच ‘हे मडके कच्चे आहे’ असा निर्वाळा दिला. विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून नावाजलेले नामदेव दुखावले. परंतु त्या निर्णयाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. या कथेतील एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. परीक्षा घेणारा कोणी शास्त्री वा पंडित नव्हता. तो चिखल तुडवणारा, संसारी कुंभार होता.

ही कथा आज आठवण्याचे कारण असे, की धर्मगुरूंच्या घडणीची परीक्षा कोणी घ्यावी हा प्रश्न धर्मसभेपुढे नव्याने उभा राहिला आहे. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी रोम येथे सिनॉडचा अंतिम दस्तऐवज संमत झाला आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तो त्याच दिवशी प्रसिद्धीस दिला. गुरुदीक्षेच्या उमेदवारांची पारख आणि जडणघडण सहप्रवासाच्या भावनेने व्हावी, तीत प्रापंचिकांचा आणि विशेषतः स्त्रियांचा वाटा असावा, उमेदवारांनी श्रद्धावंतांच्या रोजच्या जीवनात मिसळावे, आणि त्या दृष्टीने ८ डिसेंबर २०१६ च्या प्रशिक्षणविषयक मार्गदर्शिकेचा फेरविचार व्हावा, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. दुसरीकडे, २०३० साली लूथरन बंधूंच्या आउग्सबर्ग श्रद्धाप्रकटनास पाचशे वर्षे पूर्ण होतील. त्यावर एकत्र चिंतन करण्याचा विचार सप्टेंबर २०२३ मध्ये पोलंडमधील क्राकोव येथे लूथरन जागतिक महासंघ आणि रोम यांनी संयुक्तपणे मांडला. तेव्हा आपल्या या शेजाऱ्यांच्या घरी पाळक कसे घडवले जातात, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

एकच दुखणे, दोन उपचार

मराठवाड्यातील बहुतेक वाचकांना लूथरन मंडळी केवळ नावाने ठाऊक असते. भारतात ती मुख्यतः तामिळनाडू, आंध्र, झारखंड, ओडिशा व आसाम या भागांत आहे. तिच्या पाळक-प्रशिक्षणाचा उगम एका कटू अनुभवात आहे. १५२८ च्या सुमारास मार्टिन लूथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅक्सनीतील गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी केली. कित्येक ठिकाणी खुद्द धर्मगुरूंनाच श्रद्धेची प्राथमिक तत्त्वे शिकवता येत नव्हती. त्यातूनच १५२९ मध्ये लूथर यांच्या दोन प्रश्नोत्तरींचा जन्म झाला. हे धर्मगुरू मूळचे आपल्याच धर्मसभेत घडलेले होते, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपल्याकडेही याच व्याधीवर औषध शोधले गेले. १५ जुलै १५६३ रोजी ट्रेंटच्या विश्वपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी स्थापावी असा आदेश दिला. दुखणे एकच होते. उपचार मात्र वेगळे झाले.

१५३० च्या आउग्सबर्ग श्रद्धाप्रकटनाचे चौदावे कलम सांगते, की रीतसर पाचारण झाल्याखेरीज कोणीही मंडळीत जाहीर शिक्षण देऊ नये वा संस्कार देऊ नयेत. स्नानसंस्कार झालेले सर्वजण याजक आहेत असे शिकवणाऱ्या परंपरेने सेवेसाठी मात्र पाचारण, परीक्षा आणि दीक्षा आवश्यक मानली. मतभेद आहेतच. आपण गुरुदीक्षेला सात संस्कारांपैकी एक मानतो. ते तसे मानत नाहीत. त्यांचे पाळक सहसा विवाहित असतात आणि अनेक लूथरन मंडळ्या स्त्रियांनाही दीक्षा देतात. हे भेद झाकून एकोपा साधत नाही. परंतु प्रशिक्षणाच्या पद्धतीत शिकण्याजोगे काही आहे.

जर्मनीत उमेदवार विद्यापीठात हिब्रू, ग्रीक व धर्मविद्या शिकतो. मात्र पदवी मिळाली म्हणून दीक्षा मिळत नाही. त्यानंतर सुमारे दोन वर्षे किंवा अधिक काळ त्याला एका मंडळीत अनुभवी पाळकाच्या हाताखाली राहावे लागते. प्रवचन, शाळेतील शिकवणी, अंत्यविधी, रुग्णभेट यांत त्याची कसोटी लागते आणि मग दुसरी परीक्षा होते. अमेरिकेतील लूथरन मंडळ्यांत सेमिनरीच्या शिक्षणक्रमातच साधारण एक वर्ष मंडळीत घालवावे लागते. तेथील सर्वांत मोठ्या लूथरन मंडळीत त्या वर्षी सामान्य सभासदांची एक छोटी समिती उमेदवाराशी नियमित भेटते आणि आपला अभिप्राय देते. एखादी शिक्षिका, एखादा शेतकरी, एखादे निवृत्त गृहस्थ त्या उमेदवाराला सांगतात, की तुमचे प्रवचन आमच्या हृदयापर्यंत पोहोचले की नाही. गोरोबाकाकांचे थापटणे तेथे मंडळीच्या हाती दिलेले आहे.

तरंगंबाडी ते मदुराई

भारतातील लूथरन इतिहासही हेच सांगतो. ९ जुलै १७०६ रोजी त्सीगनबाल्ग व प्ल्युत्शाउ हे दोन तरुण मिशनरी तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीस उतरले. त्सीगनबाल्ग यांनी तामिळ आत्मसात केली, नवा करार तामिळमध्ये आणला आणि स्थानिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन या तामिळ धर्मशिक्षकाला दीक्षा देण्यात आली. ते भारतातील पहिले प्रॉटेस्टंट देशी पाळक होत. दीक्षेपूर्वी अनेक वर्षे ते गावोगाव शिकवत हिंडले होते. त्यांची सेमिनरी म्हणजे ती पायवाट होती.

याच परंपरेतील ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्स यांचा मराठी माणसाशी निकटचा संबंध आला. तंजावरच्या भोसले दरबारी वावरताना त्यांनी मराठीही शिकून घेतली. तुळजाजी राजांनी दत्तकपुत्र सरफोजी यांना त्यांच्या छत्राखाली सोपवले. १७९८ मध्ये श्वार्ट्स वारले, तेव्हा सरफोजी राजांनी त्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी शिल्प घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. मराठी राजाने एका लूथरन पाळकाला दिलेली ती मानवंदना आजही तेथे पाहता येते. याच श्वार्ट्स यांनी १७९० मध्ये सत्यनाथन या आपल्या जुन्या सहकाऱ्याला दीक्षा दिली. तेही आधी दीर्घकाळ लोकांत राहून कसोटीला उतरलेले होते.

हा धागा आजही तुटलेला नाही. १९६९ मध्ये मदुराई येथे दक्षिण भारत मंडळी व लूथरन मंडळी यांनी एकत्र येऊन तामिळनाडू धर्मविद्यालय उभे केले. तेथे धर्मविद्या तामिळमधून शिकवली जाते. विद्यार्थ्यांनी काही काळ आवाराबाहेर, झोपडपट्टीत किंवा खेड्यात राहून शिकावे असा त्या संस्थेचा प्रघात आहे. जो पुढे कष्टकऱ्यांना देवशब्द सांगणार, त्याने आधी त्यांच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहून नळाच्या रांगेत उभे राहावे, हा त्यामागील विचार आहे.

मराठीची वाट कोठे हरवली?

आता आपल्या घराकडे वळू. मराठीतून ख्रिस्ती धर्मविचार मांडण्याची परंपरा आपल्याकडे लहान नाही. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने मराठी पाळक घडवले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी तेथील धर्मविद्यालयात शिकवीत असे. हिंगोलीच्या सीमेला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातही १९३० च्या दशकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशनने मराठी बायबल शाळा काढली. १९५३ मध्ये तिचे रूपांतर अनेक मंडळ्यांच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत झाले आणि १९८३ मध्ये ती संस्था पुण्यास गेली. संस्था वाढली, देशभरचे विद्यार्थी आले; परंतु माध्यम इंग्रजी झाले आणि विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांजवळचे ते अंगण मागे राहिले.

आपली कथा निराळी नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये कँडी येथे स्थापलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. भारताच्या तारणाचे सेवक भारताच्याच पुत्रांतून निघावेत, हे तिचे ब्रीद. तिच्यातून देशाला अनेक उत्तम धर्मगुरू व महागुरू लाभले. तथापि मराठी भूमीत असूनही तेथील अध्यापनाची भाषा इंग्रजी आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून विद्यार्थी येतात, तेव्हा ते अपरिहार्य म्हणावे लागेल. मात्र त्याची किंमत कोण मोजतो? ती मोजतो कळमनुरी, सेनगाव, वसमतकडचा श्रद्धावंत.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांवर होती; त्यात ख्रिस्ती माणसे अत्यल्प. हळद, सोयाबीन, कापूस यांवर जगणारा हा मुलूख. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कित्येक महिने गावात नसतात. मराठीबरोबरच तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. अशा ठिकाणी दूरच्या प्रांतातून आलेल्या धर्मगुरूंनी आयुष्य वेचले आहे, आणि त्यांच्या त्यागाविषयी आमच्या मनात केवळ कृतज्ञता आहे. प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नसून आपण त्यांना दिलेल्या शिदोरीचा आहे.

मराठी ही मातृभाषा असूनही आम्ही स्वतः या परीक्षेत नापास झालो होतो. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी मराठवाड्यातील एका खेड्यात आम्ही ‘नीतिमान ठरणे’ या विषयावर प्रवचन केले. सेमिनरीत याच विषयाने आम्हाला चांगले गुण मिळवून दिले होते. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध माउली जवळ आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “फादर, बोललात लई गोड, पर काय बोललात त्ये कायबी कळालं नाई.” तो थापटण्याचा आवाज आजही आमच्या कानांत आहे. पुढे त्याच माउलींच्या ओसरीवर बसून आम्ही प्रवचन करायला शिकलो.

आपल्या उपासनेतच दडलेला प्रश्न

येथे कोणी म्हणेल, की मंडळीचा अभिप्राय ही प्रॉटेस्टंट रीत झाली. तसे मुळीच नाही. प्रेषितांनी सात सेवक नेमले तेव्हा निवड मंडळीने केली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. आपल्या गुरुदीक्षाविधीतही महागुरू विचारतात, की हा उमेदवार योग्य आहे काय? ख्रिस्ताच्या प्रजेत चौकशी केल्यावर तो योग्य आढळला, असे उत्तर दिले जाते. आम्ही असंख्य दीक्षाविधींना उपस्थित राहिलो आहोत. सुज्ञ वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना ही चौकशी प्रत्यक्ष कोणी केली? ज्या खेड्यात त्या तरुणाने सुटीतील सेवा केली, तेथील आयाबायांना कोणी विचारले? वेदीसमोर उच्चारलेले ते वाक्य खरे ठरवणे ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.

त्यासाठी आपल्या धर्मप्रांताच्या आवाक्यातल्या तीन गोष्टी आम्ही सुचवतो. सेवेच्या वर्षासाठी उमेदवारांना मोठ्या शाळा व वसतिगृहांच्या व्यवस्थापनात न गुंतवता खेड्यावर, एखाद्या कुटुंबाच्या शेजारी ठेवावे. त्या वर्षाच्या शेवटी गावातील चार-पाच प्रापंचिकांचा, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अभिप्राय महागुरूंपर्यंत पोहोचावा. आणि प्रवचनशास्त्र व धर्मशिक्षण हे दोन विषय तरी, मराठी भागात सेवा करणाऱ्या सर्व उमेदवारांना मराठीतून शिकवले जावेत. यांपैकी कशासाठीही रोमच्या नव्या मार्गदर्शिकेची वाट पाहण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मात्र धर्मग्रामांनीच करावयाची आहे. अभिप्राय देणे म्हणजे कुचाळकी नव्हे. गोरोबाकाकांनी नामदेवांना नाकारले नाही. मडके भाजून निघावे म्हणून ते कच्चे असल्याचे सांगितले. तरुण धर्मगुरूचे चुकलेले शब्द चावडीवर चघळण्यापेक्षा त्याला घरी बोलावून, भाकरी वाढून, मायेने सांगावे. मेंढपाळ सेमिनरीत घडू लागतो हे खरे. पण तो पक्का होतो तो कळपातच. आपल्या पुत्रांना घडवणारा प्रभू आपल्या हातांनाही त्या कामी लावो, हीच प्रार्थना.