संग्रह राजाचा की गावाचा?

"नळाला पाणी नाही, गटारे उघडी आहेत, आणि तुम्ही चित्रांच्या गोष्टी सांगता?" लहान गावाने सार्वजनिक कलासंग्रह उभारावा असे कोणी सुचविले की हा प्रश्न हमखास पुढे येतो. विचारणारा स्वतःस व्यवहारी समजतो. आमच्या मते तो व्यवहारी नाही आणि गरिबांचा कैवारीही नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात चित्र असते. ते पाहण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याच्या घराला धड भिंत नाही, त्यालाच सार्वजनिक भिंतीची गरज असते. शिवाय स्वागतकमानी, फलक आणि सत्कारसमारंभ यांवर पैसा उधळताना याच मंडळींस गटाराची आठवण होत नाही. गरिबाने कशाची इच्छा धरावी हे परस्पर ठरविण्याचा अधिकार यांस कोणी दिला?

दुसरा पक्ष म्हणतो की असा संग्रह उभारणे हे राजेरजवाड्यांचे काम. दाखला दिला जातो तो सातारा जिल्ह्यातील औंधचा. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उघडले. राजा रविवर्मा यांची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता व बालक' हे शिल्प एका खेड्यात पाहावयास मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते; अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी १९३२ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. हे श्रेय आम्ही हिरावून घेत नाही. परंतु दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. संस्थानिकाचा खजिना अखेर रयतेच्या साऱ्यावरच भरतो. तेव्हा 'राजाने दिले' याचा अर्थ पुष्कळदा 'रयतेचे रयतेस परत मिळाले' इतकाच असतो. आणि निवड एकट्याच्या रुचीची राहते. राजा रसिक निघाला हे औंधचे भाग्य; परंतु भाग्य म्हणजे हक्क नव्हे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आज तो संग्रह शासनाच्या ताब्यात आहे. ज्या गावास असा राजा लाभला नाही, त्याने काय करावे?

याचे उत्तर अमेरिकेतील यूटा राज्यातल्या स्प्रिंगव्हिल या लहानशा गावाने दिले आहे. १९०३ साली जॉन हाफेन या चित्रकाराने आपले एक चित्र तेथील शाळेस दिले. त्याच गावी जन्मलेला शिल्पकार सायरस डॅलिन यानेही आपली कृती दिली. गाव देणगीवर हात जोडून बसले नाही. शाळेतील मुलांनी नाणे नाणे जमवून चित्रे विकत घेण्याचा परिपाठ पाडला. 'कलाराणी' निवडताना एका मतास एक सेंट, अशा रीतीनेही पैसा उभा केला. पुढे वार्षिक प्रदर्शने भरू लागली, आणि १९३७ साली, मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेच्या साहाय्याने, संग्रहास स्वतंत्र इमारत मिळाली. म्हणजे आधी चित्रे, मग प्रेक्षक, शेवटी इमारत. आमच्याकडे क्रम नेमका उलटा: आधी कोनशिला, मग ठेकेदार, आणि चित्रांच्या जागी कुलूप!

परदेशचा दाखला नको असेल त्यांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. तेथील शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे हे खरे; परंतु धेनुकाकटाच्या सिंहदत्त नामक अत्तरविक्याच्या दानाची आणि सामी नामक सुताराच्या कामाचीही नोंद त्याच दगडावर कोरलेली आहे. या भूमीतील श्रेष्ठ कला सामान्य कारागिरांच्या लहान लहान दानांनीही उभी राहिली. सुताराचे नाव लेण्यावर कोरणारी परंपरा आपली, आणि आज गावाच्या संग्रहास मात्र राजा हवा!

कायद्याची अडचण पुढे करणाऱ्यांसही उत्तर आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपविता येणाऱ्या विषयांत, सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन स्पष्टपणे नमूद आहे. वाण अधिकाराची नाही, इच्छेची आहे.

तथापि केवळ ठराव पुरेसा नाही, हे आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. परंतु त्या तळ्याचे पाणी प्राशन करण्यास १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. 'सार्वजनिक' हा शब्द कागदावर लिहिल्याने वस्तू सार्वजनिक होत नाही. ती कोणाच्या मालकीची, कोणी निवडलेली आणि कोणास खुली, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

म्हणून आमची मागणी अशी. संग्रहातील प्रत्येक वस्तूची मालकी नगरपरिषदेच्या नावे नोंदवहीत लिहावी. अध्यक्ष बदलला म्हणून चित्र त्याच्या बंगल्यावर जाता कामा नये. दरवर्षी अंदाजपत्रकात, रक्कम लहान का असेना, खरेदीसाठी तरतूद असावी. निवडसमितीत शिक्षक, कारागीर आणि गावातील प्रत्येक वस्तीचे प्रतिनिधी असावेत. देणगीदाराच्या अटी स्वीकारू नयेत. आणि प्रवेश विनामूल्य असावा, तोही मजुरास सवड असते अशा वेळी.

इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेची एक भिंत आणि एक चांगले चित्र एवढ्यावर आरंभ होतो. मात्र त्या चित्राखाली कोणाच्या कृपेचा उल्लेख नसावा. तेथे गावाचे नाव असावे, आणि ते वाचणाऱ्या प्रत्येक मुलास हे चित्र आपले आहे असे म्हणता यावे.