गाडीचे तारे कोणासाठी?

रांजणगाव आपल्याच शिरूर तालुक्यातले. टाटांची नेक्सॉन तिथेच तयार होते. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र तीनच. २०२४ मध्ये दोन्हींसाठी पाच झाले.

म्हणून परीक्षण वाचताना आम्ही आधी विचारतो: चाचणी कोणत्या वर्षाची? तारे कोणासाठी? सनरूफ आणि स्क्रीनचे कौतुक नंतर.

समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. मोठे पुतळे पट्ट्यात बांधलेले असतात, मुलांचे पुतळे बाल-सीटमध्ये. अम्मीच्या मांडीवरच्या बाळाला ते तारे लागू होत नाहीत. भगिनींनो, लग्नाला निघताना मागेही पट्टा लावा आणि गाडीबरोबर बाल-सीटचाही हिशोब धरा.