टिटवीचा क्लोजअप

परवा एका पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टिटवीचा फोटो आला. दोन्ही पंख पसरलेले, चोच उघडी, डोळ्यापुढची लाल झालर अगदी सुरकुत्यांसकट स्पष्ट, मागे तलावाचं पाणी मस्त धूसर. खाली मथळा: ‘आनंदाने नाचणारी टिटवी’. तीनशे लाईक्स. "काय क्षण पकडलाय सर!", "लेन्स कोणती?" वगैरे वगैरे.

मंडळी, ती नाचत नव्हती. शिव्या घालत होती.

एवढ्या खात्रीने सांगतोय कारण अगदी तस्साच फोटो माझ्याकडेही आहे. २०२२ चा मे महिना. वर्क फ्रॉम होम चालू होतं, त्यामुळे मी जालन्यात, घरी. शनिवारी सकाळी नवा कॅमेरा घेऊन जिल्ह्यातल्या एका तलावावर गेलो. (कुठल्या ते सांगत नाही. पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल.) उन्हाळ्यात आपल्याकडचे तलाव कसे होतात ते माहितीच आहे, पाणी मध्ये डबक्याएवढं उरतं आणि चहूबाजूंनी भेगाळलेला, खडे-गोट्यांचा काठ उघडा पडतो. आपल्याला तो ओसाड वाटतो. टिटवीला, शेकाट्याला, छोट्या चिखल्याला मात्र तेच प्रसूतिगृह. घरटं म्हणजे काय, तर जमिनीत एक खळगा आणि कडेला चार खडे. त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. समोर असून दिसत नाहीत.

मला दिसली. म्हणजे टिटवी उठली म्हणून दिसली.

माझ्याकडे होती कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० ची लेन्स. तिने टिटवी फ्रेमभर येत नाही. मग जे लेन्सने जमत नाही ते गुडघ्यांनी करायचं, म्हणजे रांगत पुढे सरकायचं. सरकलो. पंधरा फुटांवर जाऊन बसलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालतेय, अंगावर येतेय, ओरडून ओरडून तलाव डोक्यावर घेतलाय, आणि मी खूश! एकापाठोपाठ एक फोटो. अकरा वाजून गेले होते. अर्धा-पाऊण तास तरी बसलो असेन.

तेवढ्यात शेळ्या राखणाऱ्या एक मावशी बांधावरून ओरडल्या, "ओ साहेब, कव्हर बसताल तिथं? त्या अंड्यायचं पाणी व्हायलं उन्हात!"

मला आधी कळलंच नाही. माझा समज असा की पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला. मे महिन्यात मराठवाड्यात ऊब? हवा बेचाळीस अंशांवर आणि खडक त्याहून कितीतरी तापलेला. कोंबडीच्या अंड्यांचं इन्क्युबेटर ३७.५ अंशांवर चालतं. त्याच्या फार वर गेलं की आतला जीव टिकत नाही. दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती छत्री म्हणून. मधूनच पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंडी गार करते. नर-मादी आळीपाळीने, जवळजवळ महिनाभर ही ड्यूटी करतात. आणि हा इंजिनियर मधोमध ठाण मांडून शटर दाबतोय.

उठलो आणि आलो निघून. त्या अंड्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. बघायला जायचं म्हणजे पुन्हा तेच.

आता मुद्द्यावर येतो. जवळून फोटो काढणं हा निसर्गप्रेमाचा पुरावा आहे, असं आपण धरून चाललोय. मला उलट वाटतं. आमच्या धंद्यात काही बग असे असतात की डीबगर लावला की गायब होतात, कारण बघण्यानेच प्रोग्रॅमचं वागणं बदलतं. तसंच हे. पंधरा फुटांवरून काढलेल्या फोटोत टिटवी कशी जगते ते दिसतच नाही. तुम्ही आल्यावर ती किती घाबरली, एवढंच दिसतं. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, बघायला गेलो होतो तेव्हा आमच्याच बोटीतला एक जण नावाड्याला म्हणाला, "थोडी आत घ्या ना, उडताना पाहिजेत." रोहितला उडायचं तर आधी पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. मान खाली घालून निवांत खाणारा अख्खा थवा धावत सुटला, आणि आम्ही फोटो काढले. हो, मीही काढले.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. बंदूक लागत नाही. अभयारण्यात प्राण्यांना छेडणं तर वेगळं मना आहे, आणि आपल्या शेजारी पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. जालना शहराच्या नळाला ज्या धरणाचं पाणी येतं ते हेच. पण काठावर कॅमेरा घेऊन उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? मला नव्हतं.

यावर मित्र म्हणतात, "अरे, तिकडे अंबड-घनसावंगीत गोदावरीची वाळू उपसून नेतात, त्यांना बोल की! आम्ही चार फोटो काढले तर काय आभाळ कोसळतं?" बरोबर आहे. वाळूवाल्यांपुढे आपण किरकोळ. शेळ्याही अंडी तुडवतात, कुत्री खातात. पण वाळू नेणारा स्वतःला निसर्गमित्र म्हणवत नाही, आणि शेळी घरट्यापाशी पाऊण तास बसत नाही. शिवाय फोटो पडला, ठिकाण कळलं, की पुढच्या रविवारी दहा जण तिथेच रांगतात. म्हणून वर तलावाचं नाव टाकलं नाही.

दुसरा मुद्दा, फोटो बघूनच लोकांना प्रेम वाटायला लागतं. मान्य, अर्धं. कोस्टा रिकात ओस्तिओनाल नावाचा किनारा आहे, तिथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे एवढी गर्दी फोटोसाठी उतरली की कित्येक माद्या अंडी न घालताच समुद्रात परत फिरल्या. प्रेमच होतं ना तेही? तीच कासवं आपल्या रत्नागिरीतल्या वेळासला येतात. तिथे २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ आणि गावकऱ्यांनी घरटी राखली, कासव महोत्सव सुरू केला. लोक तिथेही फोटो काढतात, पण दोरीच्या अलीकडून. पिल्लं ठिपक्याएवढी येतात फोटोत, म्हणून कोणी उपाशी मरत नाही.

"मोठी लेन्स परवडत नाही, मग आम्ही छंदच करायचा नाही का?" हा प्रश्न मात्र मला लागतो, कारण मलाही परवडत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: पक्षी छोटाच येऊ दे. भेगाळलेला काठ, लांब पाणी, शेळ्या आणि मध्ये एवढीशी टिटवी. यात ती कुठे राहते ते तरी कळतं. विणीच्या दिवसांत घरट्याकडे फिरकायचंच नाही. हिवाळ्यात काठावर एका जागी गुपचूप बसायचं. तुतारी, धोबी असे पक्षी चरत चरत आपण होऊन जवळ येतात. वेळ लागतो. शनिवार जातो. जाऊ दे!

टिटवी देखील समुद्र आटविते, अशी आपल्याकडे म्हण आहे. गोष्टीतल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, आणि गरुडाने थेट विष्णूपर्यंत वशिला लावून ती परत मिळवून दिली. आमच्या तलावावरच्या टिटवीकडे शेळ्या राखणाऱ्या मावशी होत्या, हे तिचं नशीब.

असो. त्या ‘नाचणाऱ्या टिटवी’खाली मी कमेंट टाकली: "सर, घरट्यापासून किती अंतरावर होतात, आणि किती वेळ?"

अजून उत्तर नाही. लाईक्स चारशेवर गेलेत.