बुगटी मराठे आणि आपला शजरा

पानिपतची एक कथा वर्तमानपत्रांतून, भाषणांतून आणि आता मोबाइलवरून सतत फिरत असते. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा पराभव झाला. अहमदशाह अब्दालीने हजारो कैदी सोबत नेले; बावीस हजार हा आकडा नेहमी सांगितला जातो. कलातचा नासिर खान आपल्या बलुच फौजेसह अब्दालीच्या बाजूने लढला होता. मोबदला म्हणून हे कैदी बलुचांच्या हवाली झाले. पुढे ते डेरा बुगटीच्या डोंगराळ मुलखात रुजले, मुसलमान झाले, बुगटी टोळीत सामावले. त्यांच्यातला एक गट स्वतःला ‘शाहू मराठा’ म्हणवतो आणि आईला तिथे अजून ‘आई’च म्हणतात, असेही सांगतात.

कथेचा बराचसा भार तोंडी परंपरेवर आहे. तरीही तिच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण ती ऐकून गहिवरणाऱ्यांशी आहे. अडीचशे वर्षांपूर्वी गेलेला, बलुची बोलणारा, नमाज पढणारा माणूस यांना ‘आपला’ वाटतो. मग तिरोड्याच्या बाजारात मराठीत भाव करणारा मुसलमान परका कसा? त्यालाच ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न का? धर्म बदलल्याने तिकडच्या माणसाचे मराठेपण सरत नाही आणि इकडच्याचे सरते, हा कुठला न्याय?

बोदलकसाच्या तलावाभोवतीचा हा मुलूख पाहा. इथले पोवार माळव्यातून आले, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. त्यांची पोवारी बोली घरोघरी ऐकू येते. त्यांना कुणी ‘परत जा’ म्हणत नाही, आणि म्हणूही नये. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला; त्यानेच १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. मुसलमान झाला म्हणून तो गोंड राहिला नाही काय? मुसलमान होणे म्हणजे परदेशी होणे, असे म्हणणाऱ्यांनी आधी नागपूरचा पाया कुणी घातला ते वाचावे.

पण वाचकहो, बोट त्यांच्याकडे दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे आहेत. ‘तुम्ही बाहेरचे’ हे वाक्य त्यांनी एकट्याने रचलेले नाही. आपणही ते हौसेने गिरवले आहे. कुणाचे पूर्वज अरबस्तानातून आले, कुणाचे इराणातून, कुणाचे काबूलहून. लग्नाच्या बैठकीत ‘हड्डी’ पाहिली जाते, नसब विचारला जातो. आजोबा कापूस पिंजत होते हे सांगायला जीभ अडखळते.

ज्या बलुचांच्या खानदानीपणाचे दाखले दिले जातात, त्यांचीच गोष्ट घ्या. आपण हलबहून आलो, मीर हमजाचे वंशज आहोत, असे त्यांची परंपरा सांगते. पण त्यांची भाषा अरबी नाही. बलुची ही कुर्दीच्या नात्यातली इराणी भाषा आहे. म्हणून अभ्यासक त्यांचे मूळ हलबमध्ये न शोधता कॅस्पियन समुद्राच्या बाजूला शोधतात. तिथून किरमान, मकरान, सिबी असा त्यांचा प्रवास झाला. पुढे मीर चाकर रिंद आणि लाशारी यांच्यात तीस वर्षे युद्ध चालल्याचे सांगतात. शेवटी चाकर पंजाबात गेला; सतघरा येथे त्याची कबर आहे. बुगटी स्वतःला याच रिंदांचे मानतात. तरीही ही टोळी केवळ रक्ताने वाढलेली नाही. सरदाराच्या आश्रयाला आला, लढाईत उभा राहिला, नफानुकसानीत वाटेकरी झाला, तो टोळीचा झाला. पानिपतचे कैदी तिथे मिसळले असतील तर याच वाटेने. आपण मात्र एका सफेत उभे राहून घरी गेल्यावर पिंजारी, बागवान, अत्तार वेगळे काढतो. कबिले ओळखीसाठी आहेत, मोठेपण तकव्याचे आहे, ही शिकवण मग फक्त वाजच्या रात्रीपुरती का?

या खोट्या शजऱ्याची किंमत मुले मोजतात. मी उर्दू शाळेत शिकवतो. दाखल-खारीज रजिस्टर माझ्या रोजच्या हाताखालचे आहे. जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. राज्याच्या ओबीसी यादीत पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार आहेत. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांनी लाजेपोटी किंवा गुरुजींनी आळसापोटी व्यवसाय लिहिला नाही, म्हणून नातवाची शिष्यवृत्ती जाते, बी.एड.ची, इंजिनीअरिंगची राखीव जागा जाते. इराणातून आल्याची कहाणी जात पडताळणी समितीपुढे चालत नाही. तिथे इथलेच कागद लागतात: जुना टी.सी., कोतवाल बुक, जमिनीचा उतारा.

म्हणून माझे म्हणणे रोखठोक आहे. बुगटींसाठी रडणाऱ्यांनी शेजारच्या मुसलमानाला मूळ गाव विचारणे थांबवावे. आणि आपण आपल्या बापजाद्यांचा पिंजण, माग, तराजू लपवणे थांबवावे. मुलाचे नाव शाळेत घालताना जात खरी सांगा. गुरुजींनी ती खरी लिहावी. हलबचा शजरा भिंतीवर टांगायचा तर टांगा, पण घरातला जुना टी.सी. पेटीत जपून ठेवा. मुलाच्या उपयोगी तोच येणार आहे.