बाष्पनशील तेले : सामर्थ्य आणि मर्यादा

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. अशा काळात लवंग, ओवा, दालचिनी, तुळस यांच्या बाष्पनशील तेलांकडे संशोधकांचे लक्ष वळावे, हे स्वाभाविकच होय. आपणा वैद्यांना त्याचा आनंद वाटणेही साहजिक आहे. मात्र या भरात ‘प्रतिजैविकाला पर्याय’ अशी भाषा काही दवाखान्यांतून व औषधी दुकानांतून ऐकू येते. तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

या तेलांचे जंतुघ्न सामर्थ्य खरे आहे. ओव्यातील थायमॉल व लवंगेतील युजेनॉल जंतूंच्या पेशीपटलावर आघात करतात. पटल सैल होऊन आतील द्रव्ये झिरपतात व जंतू मरतो. दंतवैद्य युजेनॉल आजही वापरतात. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल व कापूर यांची अमृतधारा आपणांस परिचितच आहे. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात व्रणासाठी गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी इत्यादींचे धूपन सांगितले आहे.

प्रश्न आहे तो मात्रेचा. ऑस्ट्रेलियातील टी ट्री वनस्पतीचे तेल स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची वाढ प्रयोगशाळेत रोखते, ते साधारणतः अर्धा ते सव्वा टक्का प्रमाणात. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यात अर्धा टक्का म्हणजे तब्बल २५ मिलिलिटर तेल झाले. निलगिरीचे तेल चमचाभर पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊन शुद्ध हरपू शकते, हे ध्यानी घेतल्यास या विचारातील धोका उघड होतो.

त्वचेवर स्थिती निराळी आहे. मेथिसिलिनला न जुमानणारे हेच जंतू बाळगणाऱ्या रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नाकातील जंतू म्युपिरोसिनने ७८ टक्के, तर टी ट्री मलमाने ४७ टक्के रुग्णांत नाहीसे झाले. त्वचेवर मात्र टी ट्री नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले. या तेलांचे क्षेत्र कोणते, हे यावरून दिसते.

येथे शब्दाचा घोटाळाही टाळावयास हवा. ग्रंथोक्त सिद्ध तैल म्हणजे कल्क व द्रवासह पाक केलेला स्नेह. ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल हे वनस्पतीचे अतितीव्र सार. एकाची मात्रा दुसऱ्यास लावता येत नाही.

म्हणून आमचे मत असे की, ही तेले तीळतेलात वा मलमात सौम्य करून बाह्योपचारार्थच द्यावीत. बाटलीवर वनस्पतीचे नाव, प्रमाण व ‘पोटात घेऊ नये’ ही सूचना ठळक असावी. न्यूमोनिया, क्षय, विषमज्वर बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे, याचे विस्मरण दुकानदार बंधूंना होऊ नये. तीव्र ज्वर, धाप वा पसरणारी लाली दिसताच रुग्णास रुग्णालयात पाठवावे. चालू असलेले प्रतिजैविक आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये. एका रुग्णाचाही जीव अशा आग्रहापायी गेला, तर त्याची भरपाई कोणत्याही संशोधनाने होणार नाही.