पाटीवरचं 'प्रा. लि.'

मिरजेतले एक अस्थिरोगतज्ज्ञ गेल्या पावसाळ्यात ऑफिसात आले. रेनकोटही न काढता त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. "मुलीच्या ॲडमिशनसाठी माझ्याच कंपनीतून बारा लाख घेतले. त्यावर कर कसला?" पुस्तकात रक्कम 'डायरेक्टर लोन' म्हणून लिहिलेली, कंपनी नवरा-बायकोची, नफा साठलेला. अशा घरगुती कंपनीनं १० टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला उसने पैसे दिले, की साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत कायदा त्याला लाभांश समजतो. पैसे नंतर परत केले तरी सुटका नाही. डॉक्टरांच्या स्लॅबला कर पावणेचार लाखांच्या घरात गेला.

'माझ्याच कंपनीतून' या दोन शब्दांतच सगळं दुखणं आहे. नोंदणी झाली त्या दिवसापासून कंपनी ही वेगळी व्यक्ती असते आणि तिच्या खिशात हात घालायचा तर कारण सांगावं लागतं.

तरी लग्नाच्या पंगतीत सल्ला ठरलेला: "कंपनी काढ. कंपनीला २२ टक्के, तुला ३०." आकडे खरे, सल्ला खोटा. २२ टक्क्यांवर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर चढला की होतात २५.१६८. ते पहिल्या रुपयापासून. माणसाला मात्र नव्या पद्धतीत ३० टक्के लागतात ते २४ लाखांच्या वरच्या रकमेवर.

२०२५-२६ च्या दरांनी ४० लाखांच्या नफ्याचा हिशेब करू. डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर दाखवला तर कर ८,११,२०० रुपये. कंपनीच्या नावावर १०,०६,७२०. इथंच दोन लाख जास्त गेले, आणि पैसे अजून घरी आलेले नाहीत. उरलेले लाभांश म्हणून घेतले, तर १ एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या हाती करपात्र आहे. म्हणजे आणखी जवळपास पाच लाख. एकूण पंधरा लाख! "दुहेरी कर, अन्याय!" असा गळा काढणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: दुसरी व्यक्ती जन्माला कुणी घातली?

"मग पगार घेतो" हा पुढचा डाव. घ्या. सगळा नफा पगारात काढलात तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळेल, म्हणजे कर वाचला २३,४००. कंपनीचं ऑडिट उलाढाल कितीही असली तरी सक्तीचं. त्याची फी, आरओसीचे फॉर्म, यात तो कधी विरघळतो कळतही नाही. "बायकोला पगार देतो" म्हणाल, तर नवऱ्याचा कंपनीत भरीव हिस्सा असताना तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. सूट फक्त तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेच्या जोरावर मिळवलेल्या पगाराला. रिसेप्शन आणि हिशेब सांभाळत उभं आयुष्य काढलेल्या बाईच्या कामाला कायदा इथं काम मानायला तयार नाही. ही तरतूद मला पटत नाही, पण ती आहे.

"खटला झाला तर कंपनी वाचवेल" हेही अर्धसत्य. स्वतःच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी डॉक्टरच्या अंगावरून कंपनी उतरवत नाही. आणि अमेरिकेतल्या मेहुण्याचं उदाहरण देऊ नका. तिथं एस कॉर्पोरेशन होता येतं. नफा थेट मालकाच्या विवरणपत्रात जातो, कंपनीपातळीवर केंद्रीय प्राप्तिकर सहसा लागत नाही. आपल्याकडे कंपनीला तो दरवाजा नाही. शिवाय तिथंही साध्या कंपनीच्या रूपात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर-वकिलांना २०१७ पर्यंत सरसकट ३५ टक्के होते, इतर छोट्या कंपन्यांची सुरुवात १५ पासून असताना.

गंमत अशी, की हा सल्ला देणारा सीए स्वतः कंपनी काढून सीएची प्रॅक्टिस करू शकत नाही. १९४९ चा त्याचा कायदाच आडवा येतो.

आता दुसरी बाजू. व्यावसायिकानं कंपनी काढली की तो चोरच, असं मानणारेही आहेत. तेही चुकतात. नफा घरी न्यायचा नसेल, एमआरआय यंत्र घ्यायचं असेल, चार भागीदार आणायचे असतील, तर कंपनीइतकं चांगलं साधन नाही. कोटीच्या वर उत्पन्न असलेल्या माणसाला वरच्या रुपयाला अधिभारासकट जवळपास ३६ पैसे जातात, कंपनीला २५. तो फरक यंत्रात गेला तर कुणाचं काय बिघडलं?

दोघं-तिघं मिळून प्रॅक्टिस करणार असतील तर मी भागीदारी सुचवतो: फर्म एकदाच कर भरते, भागीदाराच्या वाट्याच्या नफ्यावर पुन्हा कर नाही. आणि एकट्या सल्लागारासाठी कायद्यानंच पान वाढून ठेवलं आहे, कलम ४४एडीए. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मा नफा धरून मोकळं होता येतं. म्हणजे ३७.५ लाखांवर कर, ७,३३,२०० रुपये. खर्च खरा पंधरा लाखच असेल, तर याच माणसाची कंपनी ६० लाखांवर पंधरा लाख भरते. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. कंपनीला ही सोय तिथंही नाही.

माझं खरं भांडण इथं आहे. ही सोय एलएलपीलाही नाही. साधी भागीदारी चालते; तेच दोन आर्किटेक्ट मर्यादित जबाबदारी मागू लागले, की नाही. जबाबदारी मर्यादित असण्याचा आणि निम्मा नफा धरण्याचा संबंध काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. चेंबर ऑफ कॉमर्सच्या निवेदनांत 'कंपनीचा दर कमी करा' छापण्याऐवजी ही एक ओळ बदलून मागायला हवी.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. रेनकोटातून फरशीवर तळं साचलं होतं. "मग बंदच करून टाकतो कंपनी."

"करा. पण गुंडाळताना साठलेला नफा तुमच्या हाती आला की तोही लाभांशच."

त्यांनी फाइल उचलली, पहिलं पान पुन्हा वाचलं, आणि चहा घेणार का विचारल्यावर खुर्ची ओढली.