वाहणारे पाणी वाया जात नाही!

दोंडाईचा, शिंदखेडा, सारंगखेडा पट्ट्यातील बंधू-भगिनींनो,

बॅरेजखाली तापीत मेलेल्या माशांचा खच तुम्ही पाहिलाच आहे. रातोरात दरवाजे टाकले, धार तुटली, खडकांतल्या डबक्यांत मासे कोंडले. पहाटे रोहू-मृगळ पाण्यावर तोंड काढून तडफडत होते, ऊन चढेपर्यंत उलटे झाले. मरळ तेवढी तगली, कारण ती हवेतूनही श्वास घेते. हळहळ सगळ्यांनाच आहे. आमचा राग आहे तो या मरणामागच्या समजुतीवर : वाहून गेले ते पाणी वाया गेले!

ही समजूत कचेरीत आहे, व्यासपीठावर आहे आणि आपल्या पारावरही आहे. तिला नदी म्हणजे निव्वळ टाकी वाटते.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. पावसाळ्यात पाणी चढून गढूळ झाले, ओढ लागली की ते उथळ काठाकडे धावतात. अंडी पाण्याबरोबर वाहत जातात, दिवसाच्या आत फुटतात, आणि पिल्ले पुरात बुडालेल्या गवतात वाढतात. तेव्हाच दरवाजे एकदम उघडले तर अंडी कुठल्या कुठे जातात. एकदम टाकले तर पिल्ले गवतातच वाळतात. 1957 साली हिरालाल चौधरींनी ओडिशातील अंगुल येथे या जातीच्या माशांना ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावले. मोठाच शोध तो. पण पूर जे फुकट करतो त्यासाठी सुई लागते, हेही त्यातून सिद्ध झाले.

तरी ऐकवले जाते, ‘आम्ही बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडतो ना!’ सोडा. पण शिंगाळा आणि वाम यांची बोटुकली कुठल्या टेम्पोतून येते? भोयांच्या जाळ्यात हे मासे नदीच घालत होती.

दुसरा आक्षेप जास्तच संतापजनक : ‘पाणी गुजरातला जाते, आणि तुम्हाला माशांची पडली!’ अहो, तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा जे जाते, त्यापुढे उन्हाळ्यातली एक बारीक धार किती? आणि अडवलेल्या पाण्याचे आपण काय केले? तापीकाठच्या कितीतरी उपसा योजना वर्षानुवर्षे बंद पडून होत्या, तेव्हा हा हिशेब कोणी मागितला नाही. पिण्याचे पाणी आधी, हे आम्हालाही मान्य आहे. आमची तहानही तापीच भागवते.

जगात हे कोणाला सुचलेच नाही असेही नाही. अमेरिकेत ग्लेन कॅनियन धरणातून 2018 च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पाणी कमी आणि एकसारखे सोडून पाहिले. पाण्याच्या रोजच्या चढउतारात किड्यांची काठावरची अंडी सुकत होती, आणि किडे नसले तर ट्राउट माशाने खायचे काय? आपल्याच देशात ऑक्टोबर 2018 मध्ये वरच्या गंगेसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली : नोव्हेंबर ते मार्च सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, जून ते सप्टेंबर 30 टक्के. तापीला मात्र आषाढ शुद्ध सप्तमीला साडी-चोळी वाहायची, आणि किमान प्रवाह मागणाऱ्याला वेड्यात काढायचे!

आमची मागणी साधी आहे. दरवाजे टाकायचे तर टप्प्याटप्प्याने, काही दिवसांत टाका. त्याआधी काठच्या भोई-भिल्ल वस्त्यांना कळवा. पिल्ले गवतात असताना पाणी झपकन उतरवू नका. आणि उन्हाळ्यात डोहाला डोह जोडणारी एक धार राहू द्या. ती किती असावी हे ठरवायला बसाल तेव्हा जाळे टाकणाऱ्यांनाही बोलवा.